काकींच्या जागेवर मालक

आमच्या मालकांच्या बिल्डिंगमध्ये नळाला पाणी भरतीला यायचं. पनवेलमध्ये, खाडीपासून चांगल्या लांबवर, तीन मजली इमारत. गच्चीवर काळ्या टाक्या, तळाशी पंप, आणि पंपाचं बटण दाबणारा माणूस गव्हाणच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावात जन्मलेला. तिकडे खाडीत भरती लागली की हा गृहस्थ इकडे पंप सुरू करणार. भरती रोज थोडी पुढे सरकते, म्हणून आमचं पाणीही रोज थोडं पुढे सरकायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणून त्या दिवशी टाक्या भरून वाहायच्या. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरतीला जोर नाही. त्या दिवशी नळ नुसता खाकरायचा. मी कराडकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत. पण त्या इमारतीत राहायला आल्यावर महिनाभरात मी तिथी बघून डोक्यावरून आंघोळ करायला शिकले.

"काका, मला सकाळची ड्युटी असते. सहाला सोडाल का पाणी?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मी कोन सोडनारा?" मालक म्हणाले. "पानी येतं तवा येतं."

आणि हे ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. बटण दाबणारं बोट आपलंच आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट होते. मालक मला 'डाक्टरीन' म्हणायचे. मी डॉक्टर नाही, व्यायाम करून घेते, हे मी त्यांना पुष्कळदा समजावलं. "मंग तेच," असं म्हणून ते पुढच्या विषयाकडे जायचे. साठीच्या आसपासचे, काळे, काटक, पोटऱ्या दोरखंडासारख्या. अंगात बनियन आणि कमरेला टॉवेल, अगदी भाडेकरूंची मीटिंग असली तरी. मीटिंगला अध्यक्ष ते, सेक्रेटरी ते आणि तक्रार ऐकून न घेणारेही तेच.

सरकारनं शेतजमिनी घेतल्या, त्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर ही इमारत उभी राहिली, तेव्हा त्यांच्या भावकीत सगळ्यांनी मोठाल्या गाड्या घेतल्या. गल्लीत वळता येत नाही अशा गाड्या. मालकांनी घेतली पाण्यावरची स्कूटर. बीचवर पर्यटकांना भाड्यानं फिरवतात ना, ती. अलिबागकडच्या कुणा धंदेवाल्यानं जुनी झाली म्हणून काढली, ती यांनी टेम्पोमागे गाड्यावर लादून आणली आणि पार्किंगमध्ये आमच्या दुचाकींच्या रांगेत, पहिल्या नंबरच्या जागी उभी केली. वर निळी ताडपत्री. दर रविवारी ताडपत्री निघायची, बादलीभर साबणाचं पाणी यायचं, मग तिला बागेची नळी जोडून मालक क्षणभर चालू करायचे. सगळ्या इमारतीच्या काचा थरथरायच्या आणि वरून कुणीतरी खिडकी आपटायचं.

"काका, रस्त्यावर चालत नाही ती घेऊन काय करता?" मी एकदा विचारलं.

"रस्त्यावर काय, कोनी बी चालवतं," मालक म्हणाले. "माझ्या बापाची होडी होती, त्याच्या बापाची होती. आता होडी नेऊ कुठं? खाडीत भराव टाकला. हाय तेवढ्या पान्यात मना जरा फिरू दे."

वर्षातून चार-सहा वेळा ते गाडा टेम्पोला लावून गावच्या बंदरावर जायचे आणि उरल्यासुरल्या खाडीत दोन फेऱ्या मारून यायचे. आल्यावर चेहरा असा, की लग्न लावून आलेत.

काकी या प्रकारात कधी पडल्या नाहीत. काकी म्हणजे मालकांची बायको. तीन मजल्यांची मालकीण, पण सकाळी पाटी घेऊन मच्छी मार्केटात जायच्या त्या जायच्याच. सासूची जागा होती ती, खांबाजवळची. सासूच्या आधी तिच्या सासूची. मी एकदा आगाऊपणा केलाच. म्हटलं, भाडं येतंय की काकी, आता कशाला बसता?

"भाडं त्याचं," काकी म्हणाल्या. "जागा माझी हाय."

नवऱ्याचा उल्लेख त्या 'तो' असाच करायच्या. त्यांच्याकडे सगळ्याच बायका करतात. त्यात अनादर नसतो, आणि फार आदरही नसतो.

त्या जागेचा एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. जागा घराची. घरातलं माणूस तिथे बसलं पाहिजे. चार दिवस आजारपण, पाच दिवस लग्न, ते सगळ्या समजून घेतात. त्यापुढे जागा रिकामी दिसली की शेजारणीची पाटी बोटभर पुढे सरकते, मग वीतभर. कुणी भांडत नाही, काही नाही. एक दिवस तुम्ही जाता आणि तुम्हाला बसायला जागाच नसते. आणि मासळी विकणं हे बायकांचं काम. पुरुषानं होडीवर जावं, जाळं शिवावं, दारू प्यावी, काय हवं ते करावं. मार्केटात बायकांच्या ओळीत बसलेला पुरुष कुणी बघितलेला नव्हता.

आता माझ्या कामाकडे वळते. आमच्याकडे सोमवारी गुडघे यायचे. रविवारी लोक बीचवर जातात, केळ्याच्या आकाराच्या त्या फुगीर बोटीवर बसतात, पॅराशूटला लटकून वर जातात, स्कूटरवर मागे बसून आरडाओरडा करतात. पाण्यात पडलं तर काय लागणार, असं सगळ्यांना वाटतं. पण पाय एकीकडे अडकतो आणि अंग दुसरीकडे फिरतं. गुडघा बिचारा साधा सांधा आहे, पुढे-मागे होणारा. त्याला पिळलं की आतल्या दोऱ्या तुटतात. पण गंमत गुडघ्याची नाही, माणसांची. एकजण खरं सांगेल तर शपथ. "बाथरूममध्ये घसरलो," असं म्हणणाऱ्या गृहस्थाच्या पायाच्या बोटांत वाळू असायची. जावई, व्याही, ऑफिसातली ज्युनिअर मुलं यांच्यासमोर आपण या वयात त्या केळ्यावर चढलो आणि धप्पकन पडलो, हे सांगायची लाज. लिगामेंट तुटल्याचं दुःख त्यापुढे काहीच नाही. आम्ही कर्मचारी यावर पोट धरून हसायचो.

त्या रविवारी दुपारी मालक माझ्या दाराशी आले, तेव्हा मला हसू आलं नाही. अंगात शर्ट होता, ओला, आणि बटणं वरखाली लागलेली. "डाक्टरीन, जरा खाली चल," एवढंच म्हणाले.

काकी पलंगावर होत्या. लुगडं ओलं, पोटरीपर्यंत खाडीचा चिखल वाळून पांढुरका पडलेला, आणि गुडघा... मी पुष्कळ गुडघे पाहिलेत. हा पाहिला आणि मी लगेच फोन काढून ॲम्ब्युलन्स बोलावली.

"कसं झालं?" मी विचारलं.

मालक पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता. "स्कूटरवर फिरवली. काठाला येत होतो, तर हिनं मधीच उडी मारली."

काकींनी त्यांच्याकडे पाहिलं.  मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मारली."

गुडघ्यातल्या चारपैकी तीन दोऱ्या तुटल्या होत्या, आणि गादीही फाटली होती. ऑपरेशन झालं, मांडीपासून घोट्यापर्यंत पट्टा आला, आणि पुढचे कित्येक महिने काकींचा गुडघा हे माझं संध्याकाळचं काम झालं. हॉस्पिटलातून आले की चहा, चहा झाला की खाली. पैसे मी घेत नव्हते, त्यामुळे काकी मला जेवल्याशिवाय वर सोडायच्या नाहीत. चांगला सौदा होता.

मार्केटातल्या बायका बघायला यायच्या. पिशवीत फळं, आणि तोंडात एकच प्रश्न. "तुना काय येड लागलं होतं गो? चालत्या गारीतून कोन उडी मारतं?" शेजारच्या जागेवरची, कपाळभर टिकली लावणारी बाई तर पदर तोंडाला लावून खोखो हसली. "म्हातारपनी हिला हिरोईन व्हायचं होतं!" सुनेनं फोनवर तेच विचारलं, जरा शुद्ध भाषेत. मुलगा न्हावा शेव्याला बंदरात कामाला, राहायला उलव्याला. तो येऊन आईवर रागावून गेला. काकी सगळ्यांना म्हणायच्या, "झाली चूक." आणि हा प्रश्न निघाला की मालक हमखास उठून बाहेर जायचे. मी तेव्हा समजले की त्यांना बायकोचं दुखणं बघवत नाही. किती साधी समजूत.

गुडघा वाकवणं फार दुखतं. ऑपरेशननंतर आत सगळं आखडून बसलेलं असतं, ते रोज थोडं थोडं सोडवावं लागतं. काकी खमक्या होत्या, पण शेवटच्या काही अंशांना त्यांच्याही तोंडून आवाज निघायचा. आणि तो निघाला की तळमजल्यावर पंप सुरू व्हायचा. पहिल्यांदा मला वाटलं, भरती असेल. दुसऱ्या दिवशी अष्टमी होती, तरी पंप. मग लक्षात आलं. मालक पंपाशेजारी स्टूल टाकून बसत, कान वरच्या खिडकीकडे, आणि काकी ओरडल्या की बटण दाबत, म्हणजे पंपाच्या घरघरीत ते ऐकू येऊ नये. टाक्या भरून वाहायच्या, भिंतीवरून पाण्याचे ओघळ यायचे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीतून म्हणायच्या, "काकींचा गुडघा वाकतोय वाटतं." ज्या माणसानं कुणाच्या बापासाठी पंपाची वेळ बदलली नव्हती, त्यानं भरती-ओहोटी गुंडाळून ठेवली होती.

दोन आठवडे जागा रिकामी राहिली. मग एका सकाळी मी ड्युटीला निघाले, तर मालक पार्किंगमध्ये काकींची पाटी डोक्यावर घेऊन उभे. शर्ट, पँट, आणि केसांना चक्क तेल.

"काका, कुठे?"

"जागेवर," मालक म्हणाले. "शेजारनीची पाटी खांबाला लागली, बोलतात. घरातलं मानूस बसाला पायजे. सून बसनार नाय. मंग घरात उरला कोन?"

आणि हा तीन मजल्यांचा मालक पनवेलच्या मच्छी मार्केटात बायकांच्या ओळीत जाऊन बसला.

पहिल्या दिवशी म्हणे मार्केटाचं काम थांबलं होतं. बायका उठून बघायला आल्या. टिकलीवालीनं आरती ओवाळायचं नाटक केलं. "दादूस, नथ घालायची इसरलास काय?" कुणी म्हणालं. कुणी त्यांच्या डोक्यात अबोलीचा गजरा खोचला. मालकांनी तो काढला नाही, गजरा डोक्यात घेऊन ते दुपारपर्यंत मासे विकत बसले. हे मला मालकांनी सांगितलं नाही. सगळ्या पनवेलनं सांगितलं. आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्येसुद्धा हा विषय निघाला, आणि "हा तुमचाच मालक ना?" असं कुणीतरी विचारलं, तेव्हा माझे कान तापले. त्यांची लाज मला का वाटावी, कळत नव्हतं. पण वाटली.

विकायला तर ते भयंकर होते. मासळी आणायची सोय काकींच्या एका जावेनं लावून दिली होती, पहाटे ती आपल्याबरोबर यांचीही पाटी भरून आणायची. पण गिऱ्हाईक समोर आलं की मालक खरं बोलायचे. "ही सुरमई कालची हाय. नको नेऊ." बाई पुढे जायची. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मागितल्या तर म्हणायचे, "आज पुनव. पोकल असतान. अमावास्येला या." बाई पुढे जायची, आणि शेजारीण त्याच चिंबोऱ्या दुप्पट भावानं तिच्या पिशवीत घालायची. भाव करता येत नव्हता. बाईनं अर्ध्यावर मागितलं की मालक मान खाली घालून "बरं" म्हणायचे. कोळंबीचे वाटे असे घालायचे, की एकेका वाट्यात दोन घरं जेवतील. आणि मासा साफ करणं हा तर छळ. कोयता पायाखाली दाबून धरायचा, एक गुडघा वर, दुसरा मुडपून खाली, आणि त्या बैठकीत सकाळ काढायची. आठवड्याभरात बोटांना चिंध्या बांधलेल्या.

एक दिवस मला जिन्यात गाठून हळूच म्हणाले, "डाक्टरीन, माझा बी गुडघा दुखतो."

"त्या बैठकीनं दुखणारच."

"ती बसायची ना रोज."

"हो."

"कदी बोलली नाय," मालक म्हणाले आणि जिना उतरून गेले.

स्कूटरला त्यांनी हात लावणं बंद केलं होतं. ताडपत्रीवर धूळ, मांजरीनं वर पिल्लं घातलेली. मध्येच एकजण ती विकत घ्यायला आला. नागावकडचा, स्वतःचा धंदा असलेला, चांगला माणूस वाटला. मी गाडी काढत होते, म्हणून सगळं समोर घडलं. त्यानं खालून-वरून पाहिलं, हँडल फिरवलं, पसंत पडली. जाता जाता सहज विचारलं, "काका, ॲक्सिडेंट वगैरे नाही ना झाला हिच्यावर?"

विकणारा कुणीही "छे छे" म्हणाला असता. किंवा त्यानं खरं सांगितलं असतं. मालक त्या माणसाकडे बघत राहिले.  मग त्यांनी पिल्लं सरकवून ताडपत्री पुन्हा ओढली, दोरी बांधली, आणि वर निघून गेले. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, आहे. पण मलाही कळेना.

कळलं ते काकींकडून. त्या दिवशी मालकांना मार्केटात उशीर झाला होता, म्हणून खाली सगळं शांत होतं. गुडघा नव्वदच्या पुढे गेला होता आणि मी खुशीत होते. खुशीत माणूस मूर्खासारखं बोलतं. मी म्हटलं, "काय काकी, खाडीकाठच्या तुम्ही, आणि चालत्या स्कूटरवरून उडी मारलीत?"

काकींनी दाराकडे पाहिलं. मालक अजून मार्केटातून आले नव्हते.

"तुला होडी माहीत हाय?" त्यांनी विचारलं. "होडीत तो मागं वल्ह्यावर, मी पुढं तोंडाशी. काठ आला की तो बोलायचा, 'धर!' धर बोलला की मी उडी मारायची. कमरेएवढ्या पान्यात उतरायचं नि होडीचं तोंड धरायचं. नाय धरलं तर होडी घासते, फळी जाते. लगीन झाल्यापासून तेच केलं. धर बोलला की अंग आपोआप उडी मारतं. इचार करायला येळच नाय."

मी त्यांचा पाय हळूच उशीवर ठेवला.

"त्या दिवशी मना नको नको बोलता बसवली त्या गारीवर. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वारा काय, पानी काय. मंग काठ दिसला. त्याच्या ध्यानात नाय राहिलं ही होडी नाय ते. बोलला, 'धर!' गारी तर पळत होती. मी त्याच्या जाकिटाला धरलेलं, हात सुटला नाय. पाय चिखलात गेला. पाय तिथंच राहिला नि मी पुढं गेले."

"मग तुम्ही सगळ्यांना का नाही सांगितलं?"

"मी कशाला सांगू?" काकी एकदम तापल्या. "बोलला तो. सांगायचं त्यानं."

मग म्हणाल्या, "तुझ्यासमोर बोलला, उडी मारली. मारली ना मी, खोटं नाय. पन धर कोन बोललं, ते नाय सांगितलं. मी वाट बघते. गुडग्याचं काय, दुखतो नि राहतो."

दिवेलागणीला मालक आले, नेहमीसारखी रिकामी पाटी दारात ठेवली, पाय धुतले. काकींनी त्यांना जेवायला वाढायला सांगितलं मला. मी वाढलं. त्या घरात भांडण नव्हतं, अबोला नव्हता, सगळं नीट चाललेलं. आणि ते जेवत असताना मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. जणू दुसऱ्याच्या घरात मी नको ते दार उघडलं होतं. आमच्याकडे सोमवारी येणाऱ्या त्या वाळूवाल्या लोकांना मी पुढे कधी हसले नाही.

मग मला माझं काम करावं लागलं. गुडघा एका जागी येऊन थांबला. खुर्चीत बसता येत होतं, जिना चढता येत होता, काठी धरून चालता येत होतं. पण कोयता पायाखाली दाबून खाली बसायची ती बैठक आता या पायाला जमणार नव्हती. सर्जन तेच म्हणाले. मला ते आधीच माहीत होतं आणि मी पंधरा दिवस सांगायचं टाळत होते. शेवटी दोघांना समोर बसवून सांगितलं.

काकींनी मान हलवली. त्यांना ठाऊक असावं. मालक म्हणाले, "मंग माझा काढून लाव."

"काका, तसं नसतं होत."

"आजकाल सगलं लावतात. किडनी लावतात. डोला लावतात. माझा चांगला हाय, बसतो मी त्याच्यावर रोज. तो लाव तिला."

"काका..."

"इचार तरी तुझ्या मोठ्या डाक्टरला!" मालक ओरडले. एवढ्या दिवसांत मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. मग ते पंपाकडे गेले, पण पंप सुरू झाल्याचा आवाज आला नाही. नुसतेच जाऊन बसले असावेत.

काकींचं मार्केट सुटणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं. काकींनी धरलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्या रिक्षा करून गेल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. मी उभ्यानं विकते म्हणाल्या. टिकलीवाली म्हणाली, उभं राहून मासळी विकायची तर आम्ही काय खाली बसून तुझे पाय बघायचे? जागेवर माणूस बसलेलं पाहिजे. यावर बराच गलका झाला आणि शेवटी ओळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी निकाल दिला, की घरातलं माणूस खाली बसलेलं आहेच. मग घरातलं दुसरं माणूस मागे उभं राहिलं तर कुणाचं काय जातं? म्हणजे मालकांची सुटका झाली नाही. काकी उभ्या राहून भाव करणार आणि मालक त्यांच्या पायाशी बसून मासे साफ करणार, असं ठरलं. चिंबोऱ्या पोकळ आहेत हे गिऱ्हाइकाला सांगायची मालकांना बंदी झाली. धंदा सावरला.

मी त्यानंतर खारघरला नोकरी धरली, घर बदललं. आता चोवीस तास पाणी आहे. पण मासे मी अजून पनवेललाच घेते, आणि रविवारी सकाळी जाते.

गेल्या महिन्यात गेले, तेव्हा माझ्यापुढे एक बाई होत्या. चाळिशीच्या, चांगल्या कपड्यांतल्या, बोलायला गोड. पापलेट घेतलं, भाव केला, आणि मालक ते साफ करत असताना त्यांचं लक्ष काकींच्या काठीकडे आणि पायातल्या पट्ट्याकडे गेलं.

"मावशी, पायाला काय झालं हो?"

 काकी खाली बघत होत्या, मालकांच्या डोक्याकडे.

मालकांनी कोयत्यावरून नजर उचलली नाही. "मी मोडला," ते म्हणाले. "यो गुडगा मी मोडला. तिची काय चूक नाय."

शेजारची टिकलीवाली इकडे न बघता बर्फ फोडत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की तिनं हे आज पहिल्यांदा ऐकलेलं नाही. सगळ्या ओळीनं ऐकलेलं आहे.

त्या बाईंचा चेहरा मात्र बदलला. गोडवा गेला. त्यांनी मालकांकडे वरून पाहिलं, बायकोला मारून तिच्या पायाशी बसलेल्या माणसाकडे बघावं तसं. "लाज नाही वाटत?" त्या म्हणाल्या.

"वाटते," मालक म्हणाले.

माझ्यानं राहवेना. मी पुढे झाले. "अहो ताई, तसं नाही, ते पाण्यात..."

काकींनी काठी माझ्यासमोर आडवी धरली.

"तू गप," त्या म्हणाल्या. "बोलू दे त्याला."